चोविसाव्या वर्षाचा नेम

इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर' या शब्दाला मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. हौशी नट, हौशी गायक, तसा हौशी खेळाडू. पैशासाठी न खेळणारा, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु आमच्या वऱ्हाडातल्या घरांत 'हौस' या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे आणि तो मुलींच्या वाट्याला विशेष येतो. हौस म्हणजे काही दिवस पुरवायची आणि मग आवरती घ्यायची गोष्ट. मुलगा खेळला तर तो काहीतरी करून दाखवणार असतो. मुलगी खेळली तर तिची हौस चाललेली असते! या दुसऱ्या अर्थापायी किती मुलींचा खेळ बुडाला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

हे लिहावेसे वाटले ते मधुरा धामणगावकर हिच्यामुळे. 10 मे 2025 रोजी चीनमधील शांघाय येथे, जागतिक चषक तिरंदाजी स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात अमरावतीच्या या मुलीने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांची पहिली पाने सीमेवरील बातम्यांनी भरलेली होती, त्यामुळे ही बातमी बहुतेकांनी उशिरा वाचली. काहींनी वाचलीच नसेल. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

कंपाउंड धनुष्य म्हणजे रामलीलेतले धनुष्य नव्हे. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात, दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार हलका होतो, आणि बाण बोटांनी न सोडता एका लहानशा खटक्याने सोडतात. लक्ष्य पन्नास मीटरवर. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, एकूण पंधरा बाण; प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण. अंतिम सामन्यात मधुरेसमोर अमेरिकेची कार्सन क्राहे होती. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा मधुरा 81 वर आणि समोरची 85 वर. या खेळात एकेका गुणासाठी जीव टांगणीला लागतो, तिथे चार गुणांची पिछाडी म्हणजे सामना जवळजवळ हातचा गेलेलाच. चौथ्या फेरीत तिने तीस पैकी 29 गुण घेतले आणि दोघी 110 वर आल्या. पाचव्या फेरीत पुन्हा 29. शेवटी 139 विरुद्ध 138! एका गुणाने सुवर्ण. त्याच स्पर्धेत सांघिक रौप्य आणि मिश्र दुहेरीत कांस्यही तिला मिळाले.

पण मला या गुणांहून महत्त्वाचे वाटतात ते दुसरेच दोन आकडे. तिचे वय तेव्हा चोवीस होते, आणि भारतीय संघात ती सुमारे तीन वर्षांच्या खंडानंतर परतली होती.

लहान वयाचे कौतुक करणे सोपे असते. 2017 साली थायलंडमध्ये अथ्थया थितिकुल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीने युरोपीय महिला व्यावसायिकांची गोल्फ स्पर्धा जिंकली. ती हौशी खेळाडू असल्यामुळे नियमाप्रमाणे बक्षिसाची रक्कम तिला घेता आली नाही. पैसे मागच्या क्रमांकावरच्या व्यावसायिक बाईंना गेले आणि चषक शाळकरी मुलीला! पुढे 2020 साली ती व्यावसायिक झाली आणि 2022 साली जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली. तिथे हौशी असणे ही पहिली पायरी ठरली. आपल्याकडेही साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. व्हायलाच हवा. मात्र प्रत्येक खेळाडू चौदाव्या किंवा सतराव्या वर्षी फुलत नाही. कुणाचा नेम चोविसाव्या वर्षी बसतो. तोपर्यंत तिला मैदानावर कोण राहू देणार?

मी बी. ए. भाग तीनला आहे. खो-खो खेळते, तेव्हा आतली बाजू मला ठाऊक आहे. पदवी संपेपर्यंत सर्व ठीक चालते. महाविद्यालयाचा संघ असतो, आंतरमहाविद्यालयीन सामने असतात, नशीब असेल तर विद्यापीठाचा 'कलर होल्डर' होता येते. शेवटचा पेपर झाला की यातले सगळे एका दिवसात संपते. नावनोंदणी नाही म्हणून संघ नाही, संघ नाही म्हणून मैदान नाही, प्रवासभत्ता नाही. नेमके त्याच वेळी घरी विचारणारे येऊ लागतात. माझ्या नात्यातल्या एक आजी मला मोठ्या मायेने म्हणाल्या, "झाली ना वो बाई तुही हौस? आता किती दिस खेयशीन?" त्यांचा राग येत नाही. त्यांनी खेळत राहिलेली बाई पाहिलेलीच नाही.

माझे गाव कौंडण्यपूर. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. आपले लग्न आपल्या मनाप्रमाणे व्हावे म्हणून कृष्णाला स्वतः निरोप धाडणारी ही मुलगी, आणि तिचा आम्हांला केवढा अभिमान! दरवर्षी वर्धेच्या काठावरून तिची पालखी पंढरपूरला निघते. तिच्याबरोबर आमच्या गावच्या, पंचक्रोशीतल्या बायका महिन्याहून अधिक काळ उन्हापावसात पायी चालतात. साठीच्या बाया चालतात. घरची कामे कुणीतरी सांभाळून घेतेच. त्या चालण्याला कुणी हौस म्हणत नाही, कारण त्यामागे नेम आहे, व्रत आहे, हे सर्वांना दिसते. रोज पहाटे पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर शेकडो बाण सोडणारीच्या मागेही व्रतच असते, पण ते ओळखण्याची दृष्टी गावाला अजून यायची आहे.

कुणी म्हणेल, पैशाचे काय? प्रश्न रास्त आहे. चांगले कंपाउंड धनुष्य, बाण आणि बाकीचे साहित्य यांची किंमत लाखांत जाते. कोरडवाहू शेतातल्या कपाशीवर ते येत नाही. गोल्फचे तर नावच काढायला नको. शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, परंतु त्या पदकानंतरच्या. पदकाआधीची जी दोन-तीन कोरडी वर्षे, त्यांत खेळाडूला घरच्यांच्या आणि एखाद्या प्रशिक्षकाच्या भरवशावरच राहावे लागते. अमरावतीला व्यायामाची परंपरा नाही असेही नाही. 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिनला जाऊन जगाला आपले खेळ दाखवून आले होते! ज्या शहराने हे नव्वद वर्षांपूर्वी केले, त्या जिल्ह्यातल्या मुलीने पदवीनंतर सराव कुठे करावा, हा प्रश्न अजून शिल्लक राहावा याचे नवल वाटते.

पदक आल्यावरच्या सत्काराला माझा विरोध नाही. शाल द्यावी, श्रीफळ द्यावे, भाषणेही करावीत. मात्र सत्काराच्या खर्चात चार मुलींचा वर्षभराचा खुराक निघतो, हे आयोजकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. आणि घाईचे कारणही आहे. 2028 च्या लॉस एंजिलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र दुहेरी प्रथमच खेळवली जाणार आहे. आज वऱ्हाडात ज्या मुली बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्या तेव्हा चोविशीच्या आसपास असतील.

आमच्या महाविद्यालयाचे मैदान सकाळी सहा ते आठ रिकामे असते. फाटकाची किल्ली शिपाईकाकांकडे असते आणि ते साडेपाचलाच येतात. माजी विद्यार्थिनींना त्या दोन तासांसाठी ओळखपत्र द्यावे, असा एक ओळीचा ठराव जिमखाना समितीने येत्या सभेत करावा. त्याला एक पैसाही लागत नाही. अर्जावर पहिली सही माझी राहील.