‘कोरस’ म्हणजे उरलेलीं मुलें काय?

स्नेहसंमेलनासाठीं गाणाऱ्या मुलांची निवड चालू असतां एका विद्यार्थ्यानें दुसऱ्यास विचारलेला प्रश्न माझ्या कानीं पडला : “तुला गाणें मिळालें, कीं कोरसांत टाकलें?” त्यांतील ‘टाकलें’ हा शब्द मनाला फार लागला. जणूं कोरस म्हणजे निवडीनंतर उरलेल्यांची अडगळ! ज्या शब्दाची आपण अशी हेळसांड करितों त्याचें कूळ केवढें थोर आहे, हें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजींतून आला, इंग्रजींत लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्यें ग्रीक भाषेंतून. मूळ ग्रीक शब्द ‘खोरोस’. त्याचा पहिला अर्थ गाणें नव्हे, तर नृत्य. तसेंच नाचत गाणारा मेळा. अथेन्स नगरांत डायोनिसस देवाच्या उत्सवांत ५० जणांचा मेळा फेर धरून स्तोत्रें गात असे. अशा स्तोत्रांच्या म्होरक्यांपासूनच शोकान्त नाटक उदयास आलें, असें ॲरिस्टॉटल सांगतो. म्हणजे आधीं मेळा, मग नट! दुसरा नट ईस्किलसनें आणिला, तिसरा सोफोक्लीसनें. परंतु मेळ्याची संख्या त्याच सोफोक्लीसनें १२ वरून १५ वर नेली, अशी परंपरा आहे. विनोदी नाटकांत तर २४ जण असत. हे धंदेवाईक गवई नव्हते. साधे नागरिक होते, आणि त्यांच्या तयारीचा व पोशाखाचा खर्च एखाद्या धनिकास सोसावा लागे. नाटककारास प्रयोगाची अनुज्ञा मिळाली हें सांगावयाचें, तर ‘त्यास कोरस दिला’ असें तेथें म्हणत. ‘नायक दिला’ असें कोणी म्हणत नसे.

मेळा ज्या जागेंत नाचे तिला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत. आज त्याच शब्दाचा अर्थ वाद्यवृंद! उपासनामंदिरांत गाणारी मंडळी व तिची बसावयाची जागा, या दोहोंस इंग्रजींत ‘क्वायर’ म्हणतात; तोही खोरोसचाच वंशज. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकांत तर एकच मनुष्य रंगभूमीवर येतो, आणि त्याचें नांव कोरस. शब्दांचे हे संसार मोठे मौजेचे असतात. असो. गीताचा जो भाग सर्वांनीं मिळून म्हणावयाचा त्यासही हेंच नांव पडलें. आपण त्यास ध्रुवपद म्हणतों. ध्रुव म्हणजे न ढळणारें. कडवीं येतात नि जातात, ध्रुवपद राहतें. पोवाड्यांतील झीलकऱ्यांना क्षणभर गप्प बसवून पाहावें. शाहिरास दम घ्यावयासही उसंत मिळणार नाहीं.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं नाताळाच्या गायनाची तयारी मजकडे होती. एका मुलाचा सूर कांहीं केल्या जुळेना. पाहुणे यावयाचे होते, दिवस थोडे उरले होते. मीं त्याला म्हटलें, “तूं रांगेंत उभा राहा, पण नुसते ओठ हालव.” त्यानें मुकाट्यानें तसें केलें. कार्यक्रम निर्दोष झाला, सर्वांनीं वाहवा केली. तो मुलगा पुढें शाळेंत होता तोंवर प्रार्थनेच्या वेळींही मला गातांना दिसला नाहीं.

‘मग बेसुऱ्यांनाही घ्यावें काय?’ असें कोणी विचारील. स्पर्धेसाठीं अवश्य निवड करावी. शाळेच्या उपासनेंत निवड कसली? सूर शिकवितां येतो. तयारी दोन महिने आधीं सुरू करावी आणि डळमळणाऱ्या मुलास पक्क्या आवाजाच्या मुलाजवळ उभें करावें, म्हणजे बरेंच काम होतें. एवढे कष्ट मीं घेतले नव्हते, हें खरें.

नव्या करारांत ‘खोरोस’ हा शब्द एकदांच आला आहे : लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत. हरवलेला धाकटा पुत्र परत आला आहे. वडील पुत्र शेतांतून घराजवळ येतो आणि वाद्यांचा व नृत्याचा आवाज ऐकतो. तें नृत्य म्हणजेच खोरोस. तो रागावून आंत जाईना, तेव्हां बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालूं लागला. तो पुत्र निदान स्वतःच्या मर्जीनें बाहेर राहिला होता. माझ्या विद्यार्थ्यास मीं बाहेर ठेविलें, आणि त्याची समजूत घालावयास कोणीच गेलें नाहीं.