जाहीर आवाहन : माध्यमशास्त्राच्या पदवीचा खरा खर्च पावत्यांसह मांडूया

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी, पालक, प्राध्यापक आणि पत्रकार बंधू-भगिनींनो,

बारावीचा निकाल लागला की बसस्थानकासमोर, महाविद्यालयाच्या फाटकावर आणि घरोघरच्या मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. पत्रकारिता, जनसंज्ञापन, डिजिटल मीडिया, फिल्म मेकिंग. चकचकीत पत्रक, माईक धरलेली मुलगी आणि खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. फी मात्र पत्रकावर नसते. ती फोन केल्यावर सांगतात, तीही पहिल्या वर्षापुरती. वाशी, भूम, परंड्याकडचे पालक त्या एका आकड्यावर निर्णय घेतात. मग दुसऱ्या वर्षी खोलीभाडं, मेस, कॅमेरा, परीक्षा शुल्क सगळं एकदम अंगावर येतं, आणि त्या साली सोयाबीनला भाव मिळाला नाही तर शिक्षण अर्ध्यावर सोडून पोरगं गावी येतं. हे थांबवणं आपल्या हातात आहे. त्यासाठीच हे आवाहन.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माध्यमांचं शिक्षण घेऊ नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. उलट या जिल्ह्याला शिकलेल्या, जाणत्या बातमीदारांची फार गरज आहे. २०२० च्या खरिपाच्या पीक विम्याचा आपल्या शेतकऱ्यांचा लढा उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विम्याचे निकष काय होते, पंचनामे कसे झाले, न्यायालयाने नेमकं काय म्हटलं, हे साध्या मराठीत समजावून सांगणारी माणसं गावात किती होती? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली गावं उद्ध्वस्त झाली, तेव्हा जगभरचे पत्रकार इथे आले आणि परत गेले. पुनर्वसनानंतर त्या वसाहतींचं पुढे काय झालं, हे वर्षानुवर्षं लिहीत राहणं इथल्याच माणसाला जमणार आहे. २०१८ पासून आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या नावाखाली आलेल्या कामांचा हिशेब वाचायलाही शिकलेला डोळा लागतो.

म्हणून शिका, पण तुलना करून शिका.

आपला जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग आहे, आणि धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. पहिली चौकशी तिथे करा. तुळजापूर, उमरग्याच्या मुलांना सोलापूर जवळ. तिथल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जनसंज्ञापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. पुणे विद्यापीठाचा विभाग तर 'रानडे' या नावानेच सर्वांना ठाऊक आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक परिसर तुळजापुरातच आहे, त्यामुळे ती तुळजापूरकरांना परकी नाही. तिचंच माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचं शिक्षण मुंबईत देवनारला चालतं.

ही नावं एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. सरकारी विद्यापीठांमधलं माध्यमांचं चांगलं आणि परवडणारं शिक्षण मुख्यतः पदवीनंतरचं आहे. बारावीनंतर लगेच तीन-चार वर्षं फक्त माध्यमशास्त्र शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, पण त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईच्या खासगी किंवा अभिमत विद्यापीठांत, वर्षाला लाखांच्या घरात फी घेणारे. म्हणून माझं मत असं की हात आखडता असेल त्या घराने बी.ए. जवळच्या महाविद्यालयात करावी. धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर, कुठेही. विषय राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, इतिहास यांपैकी घ्यावा. या तीन वर्षांत वाचलेला खोलीचा आणि मेसचा पैसा पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवावा आणि मग विद्यापीठाच्या विभागात जावं. अर्थशास्त्र पक्कं असलेला बातमीदार जिल्हा बँकेचा ताळेबंद वाचू शकतो. कॅमेरा धरायला तो पुढे सहा महिन्यांतही शिकेल.

ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली, त्यातला एक दूरशिक्षणाचा असू शकतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वृत्तपत्रविद्येचं शिक्षण मराठीतून दिलं आहे. 'इग्नू'चेही पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. यंदा कोणते सुरू आहेत ते माहितीपुस्तिकेत बघा, आणि एकत्र शिकण्याबद्दल आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून लेखी घ्या. दूरशिक्षणाचा कुठलाही अभ्यासक्रम असो, आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत त्याचं नाव त्या वर्षासाठी आहे का, एवढं पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. एखाद्या खासगी 'अकॅडमी'चं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं. माहिती व जनसंपर्क खात्याच्या भरतीत किंवा प्राध्यापकीच्या 'नेट' परीक्षेसाठी मात्र मान्यताप्राप्त पदवी विचारतात.

आता फीची पावती नीट बघा. तिच्यावर शिकवणी शुल्क ही एक ओळ असते आणि खाली बारीक अक्षरात प्रवेश शुल्क, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, विकास निधी, अनामत रक्कम. जाहिरातीतली फी म्हणजे बहुधा पहिली ओळ. अनामत परत मिळते, बाकीची नाही. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचा खर्च वेगळा. सोलापूर आपल्याला कितीही जवळ असलं तरी ते दुसरं विद्यापीठ आहे. त्यात भर खोलीभाडं, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप. हे सगळं शेवटच्या सेमिस्टरपर्यंत मोजलं की खरा आकडा कळतो.

शिष्यवृत्तीचंही तसंच. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा आठ लाख), डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, या योजना कागदावर आहेत आणि त्या मिळवलेली मुलं आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण व्यवस्थापन कोट्यातल्या, खासगी आणि अभिमत विद्यापीठांतल्या प्रवेशाला यातल्या बहुतेक सवलती मिळत नाहीत. तेव्हा प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा : हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, आहे का? 'नंतर बघू' असं उत्तर आलं, तर नाही असंच समजा.

शक्य असेल तर संस्था डोळ्यांनी बघून या. स्टुडिओ उघडून दाखवायला सांगा. किती मुलांमागे एक कॅमेरा आहे ते मोजा. विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रायोगिक वृत्तपत्राचे मागचे दोन अंक मागा आणि वाचा. त्यात गावातल्या पाण्याची, दवाखान्याची बातमी आहे की नुसते संस्थाचालकांचे सत्कार, यावरून तिथे काय शिकवतात ते कळतं.

आता मुख्य मागणी. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक वही ठेवावी, अशी प्राचार्यांना विनंती आहे. जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींनी माध्यमांचं शिक्षण घेतलं किंवा घेत आहेत, त्यांनी तीत आपला खरा खर्च लिहावा : वर्षवार फी, राहणं, जेवण, मिळालेली शिष्यवृत्ती, इंटर्नशिप कुठे केली, पहिला पगार किती. अर्ध्यात सोडलं असेल तर तेही लिहावं, त्यात कमीपणा काही नाही. पत्रकार बांधवांनी आपला अनुभव मोकळेपणाने सांगावा. तालुका प्रतिनिधीला मानधन किती आणि जाहिरातीच्या कमिशनवर किती भागतं, हे मुलांना आधी कळलंच पाहिजे. ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या स्मरणार्थ पत्रकार दिन साजरा होतो. यंदा त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर दोन तास बारावीच्या मुलांना द्या.

पालकांना विनंती, विशेषतः मुलींच्या पालकांना : लांब पाठवायचं नाही म्हणून तिचा विषय बदलू नका. जवळ शिकून पुढे जाण्याचा रस्ता वर सांगितला आहे, तिच्यासोबत बसून तो तपासा.

वहीत लिहिण्यासाठी प्रवेश संपण्याची वाट पाहू नका. फीची पावती घरात असेल तर तिची झेरॉक्स काढा, नाव आणि नंबर झाका आणि या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे नेऊन द्या.