रोडग्याचा धर्म विस्तवांत कीं पिठांत?

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवा वाद पेटला आहे. पेटला असें म्हणणें जरा चमत्कारिकच, कारण ज्या यंत्रावरून तो पेटला त्यांत विस्तव डोळ्यांना दिसतच नाहीं. अमरावतीच्या साईनगरांत किंवा अकोल्याच्या जठारपेठेंत एखाद्या गृहिणीनें एअर फ्रायर नांवाच्या विजेच्या पेटींत रोडगे भाजून वाढले कीं, पंक्तींतील कोणी तरी वडीलधारे गृहस्थ पहिला घास पुरता गिळण्यापूर्वींच निकाल सांगून मोकळे होतात, "सूनबाई, बरं लागते, पण हा रोडगा नाही बा!" गोवरीचा निखारा नाहीं, राखेचा स्पर्श नाहीं, धुराचा वास नाहीं, मग त्यांत रोडगेपण तें काय उरलें, असा त्यांचा प्रश्न असतो. हा निकाल चुकीच्या आरोपीविरुद्ध लागला आहे असें आमचें म्हणणें आहे. रोडगा बिघडला असेल, नव्हे पुष्कळ घरीं तो बिघडतोच. परंतु त्याचा गुन्हेगार ती पेटी नव्हे.

ज्यांना वऱ्हाडचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं मूळ वस्तु प्रथम सांगितली पाहिजे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठांत मीठ, ओंवा व तेलाचें मोहन घालून तें घट्ट भिजवावयाचें. त्याच्या लहान पोळ्या लाटून त्यांना तेल लावावयाचें. आणि एकीच्या पोटांत दुसरी अशा तीन-चार पोळ्या गुंडाळून त्यांचा गोळा वळावयाचा. गोवऱ्या रचून पेटवावयाच्या व त्यांचे निखारे झाले कीं गोळे त्यांवर सर्व बाजूंनीं शेकून शेवटीं तप्त राखेंत पुरून ठेवावयाचे. मग राख झटकून, गोळा फोडून, तुपांत भिजवून वरण व वांग्याची झणझणीत भाजी यांबरोबर तो खावयाचा. पळसाच्या पानांत थापून भाजलेला पानगा हें त्याचेंच भावंड. नवसाचा, देवळापुढील, शेतांतल्या झाडाखालचा हा थाट आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं या विस्तवाची राखण पुरुषमंडळीच करतात. पण घरीं, चार माणसांसाठीं, एखाद्या रविवारीं जो रोडगा होतो त्याचें काय? तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेंत गोवऱ्या पेटवाव्या तरी कोठें? स्वयंपाकघराच्या ओट्यावर कीं शेजाऱ्यांच्या दाराशीं? गोवऱ्या आतां खोक्यांत बांधून, टपालानें घरपोंच मिळतात हें खरें. पण अंगण कांहीं टपालानें येत नाहीं.

धुराच्या वासाचें काव्य गाणें फार सोपें आहे. घरगुती चुलींच्या धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वर्षांतून एक दिवस मोकळ्या आभाळाखालीं घेतलेला धूर वेगळा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रोजच्या चुलीपुढें ज्यांचे डोळे चुरचुरले त्यांनीं धुराचें गुणगान केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिवाय, विस्तव पूर्वीं बदलला नाहीं काय? बाटी भाजण्याचा गॅसवरचा तंदूर घरोघर आला, तेव्हां कोणाची जात गेली? जाड बुडाच्या भांड्यांत वाळू तापवून तींत रोडगे भाजणारे आजहि आहेत. मग एका विजेच्या पेटीवरच एवढा रोष कां? ती नवी आहे व तिचें नांव परकें आहे, याहून दुसरें कारण आम्हांस दिसत नाहीं.

तें नांव फसवें आहे हें मात्र खरें. या पेटींत कांहींहि तळलें जात नाहीं. माथ्यावर विजेची तापणारी तार व तिच्याशेजारीं एक पंखा. पंखा तप्त हवा जाळीच्या टोपलींतून वेगानें फिरवितो, एवढेंच तिचें तंत्र. म्हणजे पंखा असलेली ही एक लहानशी भट्टी. फिलिप्स कंपनीनें २०१० सालीं ती बाजारांत आणली, तेव्हां थेंबभर तेलांत तळल्याचा स्वाद ही तिची प्रमुख जाहिरात होती, आणि तेथूनच सगळा घोटाळा झाला. बिनतेलाच्या आरोग्याचें हें वेड रोडग्याला लागलें तर मात्र आम्ही त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या बाजूनें उभे राहूं. मोहनावांचून वळलेला व तुपावांचून वाढलेला रोडगा हा आरोग्याचा नव्हे, दंतवैद्याचा विषय आहे.

पेटी व राख यांत भेद नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. राखेंत गोळा सर्व बाजूंनीं दाबून झांकलेला असतो. उष्णता त्याला चिकटून आंत शिरते, हळूहळू उतरत जाते आणि त्याचा ओलावा बाहेर फारसा पळूं शकत नाहीं. पेटींतील वाहती हवा याच्या उलट वागते. ती प्रथम पृष्ठभाग वाळविते. कवच आधीं होतें व आंतला गाभा मागें राहतो. म्हणून ज्यांनीं पेरूएवढा रोडगा करून एकदम २०० अंशांवर ठेवला त्यांना वरून करपलेला व आंत कच्चा गोळा मिळाला, आणि त्यांनीं यंत्राला शिव्या दिल्या. उपाय अगदीं साधा आहे. गोळा मोठ्या लिंबाएवढाच करावा. वळल्यावर दहा-बारा मिनिटें वाफवून घ्यावा. मग तेलाचा हात फिरवून १६० अंशांवर वीस मिनिटें ठेवावा, मध्यें एकदां उलटावा, आणि शेवटचीं पांच-सात मिनिटें १९० अंशांवर न्यावें. पेटी पंधराशें वॅटची असली तरी एवढ्या कामास एक युनिट वीजहि लागत नाहीं. राखेचा तो मंद, मातकट वास येणार नाहीं, हें कबूल. पण रोडगा म्हणजे कांहीं केवळ वास नव्हे.

आतां खऱ्या गुन्हेगाराकडे वळूं. तो पिठाच्या डब्यांत बसला आहे. रोडग्याचें सारें सत्त्व जाड दळणांत आहे. रवाळ पिठाचे कण पाणी बेतानें पितात. भाजतांना त्यांच्यामधून वाफेला वाट मिळते. म्हणून गोळा आंतून भुसभुशीत होतो, दोन बोटांनीं फुटतो आणि तूप गाभ्यापर्यंत उतरतें. पोळीसाठीं बारीक दळलेलें पीठ, विशेषतः पिशवींत बंद होऊन येणारें, इतकें रगडलेलें असतें कीं त्यांतील पिष्टाचे कण फुटून जातात व तें पाणी अधाशासारखें शोषून घेतें. मऊ पोळीला हा गुण. रोडग्याला हाच दोष. अशा पिठाचा गोळा गोवरींत भाजा, वाळूंत भाजा कीं विजेंत भाजा, तो चिवट व्हावयाचाच. पंक्तींतील गृहस्थांच्या दाढेखालीं जें आलें तें हें पीठ होतें. दोष मात्र पंख्याला मिळाला!

तें जाड पीठ आज मिळवावें कोठून? गल्लींतल्या गिरणींत दोन किलो गहू घेऊन जा व "रोडग्याचं दळून द्या" असें म्हणून पाहा. दोन किलोंसाठीं गिरणीच्या तळ्या सैल करावयाच्या व पुन्हां आवळावयाच्या, ही कटकट गिरणीवाल्याला परवडत नाहीं. आणि आम्ही महिनोन्महिने पिशवीचें पीठ आणणार व वर्षांतून दोनदां त्याच्याकडे हें मागणें घेऊन जाणार. मग त्यानें आमची भीड कां धरावी? पिठापेक्षां धान्याची कथा अधिक खेदाची आहे. वऱ्हाडचें रोजचें अन्न ज्वारीची भाकर; गहू हा सणावारीं व नवसाला निघावयाचा, आणि म्हणूनच रोडगा ही मेजवानी होती. आतां गहू रोजचा झाला, ज्वारीच्या शेतांत सोयाबीन उभा राहिला, आणि घरांत येणारा गहू कोण्या गांवचा हें कोणी विचारीनासें झालें. बन्सीसारखा कठीण दाण्याचा गहू, ज्याचा रवा आपसूक जाड पडतो, तो शोधून आणावा लागतो. सोयीचा म्हणून आपण लोकवन घेतों, जो गुजरातेंतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेंत निपजला, नाहीं तर मध्यप्रदेशाचा शरबती घेतों. हे गहू वाईट आहेत असें नव्हे. पोळीला ते उत्तमच. परंतु ज्या अकोल्यांत १९६९ पासून कृषि विद्यापीठ उभें आहे, त्याच शहरांतील पदवीधराला आपल्या ताटांतला गहू कोणत्या जातीचा हें सांगतां येऊं नये, आणि त्यानें मात्र निखाऱ्याच्या शुद्धाशुद्धतेवर व्याख्यान द्यावें!

या बाबतींत एका दूर देशाचा दाखला मनोरंजक आहे. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत, काली शहराच्या भागांत, पानदेबोनो नांवाचा चिजेचा लहान गोल पाव घरोघर आवडीनें खातात. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबूदाणा होतो त्याच कंदाचें आंबविलेलें पिष्ट, मक्याचें पीठ, खारट ताजें चीज व अंडें एवढें त्याचें साहित्य. यीस्टचें नांव नाहीं. तरी तो फुगतो, कारण तें पिष्ट कित्येक दिवस टाक्यांत आंबवून मग उन्हांत वाळविलेलें असतें. यंत्राच्या उष्णतेनें वाळविलें तर तें तितकें फुगत नाहीं. तेथें सूर्यच लागतो. हा पाव आतां तिकडील घरांतहि याच विजेच्या पेटींत भाजतात आणि तो चांगला होतो, कारण पिठाचें काम आधींच झालेलें असतें. आंबट पिष्टाऐवजीं साधें पिष्ट घातलें तर मात्र विटांची भट्टी असूनहि तो बसका राहील. भट्टी कोणतीहि चालते. न चालणारी गोष्ट कोणती, तें त्या लोकांना पक्कें ठाऊक आहे.

आणि परंपरेचाच आधार घ्यावयाचा तर एकनाथांचें भारूड आठवावें. त्यांतील सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते, तो सासरा, सासू, जाऊ सगळीं वाटेंतून दूर व्हावींत व आपण एकटी राहावें यासाठीं. त्यांतील परमार्थ आम्हांस माहीत आहे. पण लौकिक अर्थानें पाहिलें तर त्या एकटीच्या संसाराला सहा रोडग्यांची ही पेटी अगदीं बेताची झाली असती, आणि भवानीनें ती नाकारली असती असें मानण्यास आधार नाहीं.

शंभर पानांची पंगत असेल तेव्हां झाड आहे, गोवऱ्या आहेत, राखणारे हात आहेत. तेथें ही पेटी नेण्याचें कोणाच्या स्वप्नींहि आलेलें नाहीं. घरच्या चार पानांसाठीं मात्र पुढील वेळीं त्या गृहस्थांनीं निकाल देण्याआधीं स्वतः पिशवी उचलावी, बाजारांत जाऊन कठीण दाण्याचा गहू निवडावा, दोन नव्हे दहा किलो घ्यावा, आणि गिरणीवाल्यापुढें उभें राहून तो जाड दळून आणावा.