निवृत्तिवेतन हा हक्क आहे, यंत्राची मेहेरबानी नव्हे

17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात एक मूलभूत तत्त्व घोषित केले. निवृत्तिवेतन ही सरकारने मर्जीनुसार दिलेली बक्षिसी नसून आयुष्यभराच्या सेवेने कमावलेला हक्क आहे, असे ते तत्त्व होय. त्याला आता चार दशके उलटून गेली. तत्त्व कागदावर अबाधित आहे; परंतु या हक्काची रक्कम पदरात पडण्यासाठी वृद्ध श्रमिकाला दरवर्षी यंत्रापुढे उभे राहून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागत आहे.

10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू झाली. आधार क्रमांक, मोबाईल, बँक खाते आणि निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक देऊन अंगठ्याच्या ठशाने, आणि 2021 पासून चेहऱ्याच्या छायाचित्रानेही, हयातीचा दाखला संगणकावर देता येतो. ज्याच्या घरी चांगला फोन आणि तो हाताळणारे जाणते माणूस आहे, त्याची बँकेतील रांग यामुळे खरोखरच वाचली. ही सोय नाकारण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. सोलापूर असो वा निजामाबाद, जन्मभर विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांवरील रेषा कामानेच झिजलेल्या असतात. जे श्रम तिच्या हक्काचा आधार आहेत, तेच तिच्या ओळखीच्या आड येतात! ठसे न जुळणे ही क्वचित घडणारी बाब नाही. केंद्र सरकारच्याच 2016-17 च्या आर्थिक पाहणीत झारखंडमधील आधार पडताळणीच्या अपयशाचे प्रमाण 49 टक्के नोंदले आहे. त्यात कारखान्याच्या हजेरीपटावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, अथवा जुना मोबाईल क्रमांक बंद पडला, की अर्ज अडकलाच. मग सेवा केंद्राच्या खेपा, प्रवासखर्च आणि प्रत्येक खेपेचे शुल्क. आणि हे सारे कशासाठी? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन 2014 साली दरमहा 1000 रुपये ठरले, ते दहा वर्षांनंतरही तेवढेच राहिले. दारिद्र्यरेषेखालील 60 ते 79 वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा तर अवघा 200 रुपये!

अपंगांची स्थिती अधिकच बिकट आहे. 1 जून 2021 पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केवळ केंद्रीय संकेतस्थळामार्फतच देण्याचा नियम झाला. केंद्राच्या योजनेतील 300 रुपयांसाठी 80 टक्के अपंगत्वाची अट आहे. म्हणजे ज्याला संकेतस्थळ वापरणे सर्वांत कठीण, त्याच्याच वाट्याला ते सक्तीने आले. 2016 च्या कायद्याने माहिती आणि सेवा अपंगांना सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. तरीही 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला, संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे बजावून सांगावे लागले. अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्याने चेहरा व डोळे गमावलेल्या व्यक्ती ओळख-पडताळणीतून वगळल्या जात असल्याची तक्रार न्यायालयापुढे आली होती. कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून जिवंतपणा दाखवा, असे अशा माणसाला सांगणे ही कोणती सुधारणा?

श्रमिक चळवळीचा विरोध यंत्राला नाही. यंत्र चुकले तर त्याची शिक्षा कोणी भोगायची, हा खरा प्रश्न आहे. आज पडताळणीचे अपयश हे माणसाचे अपयश मानले जाते. दाखला न पोहोचल्यास रक्कम थांबते, आणि ‘माणूस हयात आहे काय?’ हे पाहण्यासाठी कोणीही त्याच्या दारी जात नाही. पूर्वी कारकून नकार देई, तेव्हा त्याला जाब तरी विचारता येत असे. पडद्यावरील नकाराला ना नाव, ना सही, ना अपिलाचा पत्ता. कार्यालयातील माणसे कमी करून त्यांचे काम वृद्धाच्याच माथी मारणे, हा खर्चकपातीचाच एक प्रकार होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक कार्यालयात कागदी अर्ज घेणारी खिडकी चालू राहावी. नकार लेखी आणि सकारण मिळावा. घरी जाऊन खातरजमा केल्याशिवाय कोणाचेही निवृत्तिवेतन थांबवू नये. थांबलेली रक्कम मागील बाकीसह द्यावी. मागणी रेटली तर शासनाला हलावे लागते. घरी येऊन दाखला घेण्याच्या टपाल बँकेच्या सेवेसाठी वृद्धांना पूर्वी शुल्क मोजावे लागे. नोव्हेंबर 2025 मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने आपल्या निवृत्तांपुरता तो खर्च स्वतः उचलण्याचा करार केला. ही सेवा खेड्यापाड्यांतील निवृत्तांपर्यंत खरोखर पोहोचते की नाही, यावर लक्ष ठेवणे आता संघटनेचे काम आहे.

पक्षाच्या शाखांनी आणि कामगार संघटनांनी वस्तीवस्तीत मदत केंद्रे चालवावीत, अर्ज भरून द्यावेत आणि प्रत्येक नकाराची नोंद ठेवावी. मात्र केवळ अर्ज भरून देणे हे सेवाकार्य झाले. त्या नोंदींचा गठ्ठा घेऊन निवृत्तांनाच कार्यालयाच्या दारावर नेणे, हे राजकीय कार्य होय. एकेकटा वृद्ध पडद्यापुढे हतबल असतो. संघटित वृद्धांपुढे पडद्यामागील सत्तेला उत्तर द्यावेच लागेल.