एक्स्प्लेनर : लाडक्या बहिणींच्या २,१०० रुपयांचे घोडे अडले कुठे?

महायुतीने २८८पैकी २३० जागा जिंकल्या आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मात्र १० मार्च २०२५ च्या पहिल्याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींना महिना २,१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी, ही दोन्ही आश्वासने दिसली नाहीत. वाद तिथून पेटला.

तिजोरीत किती?
२०२५-२६ साठी महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, तर महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये. म्हणजे तूट ४५,८९१ कोटींची. कर्जाचा बोजा ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता.

२,१०० दिले तर?
लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये तरतूद ३६,००० कोटींची होती. महिना १,५०० रुपयांप्रमाणे ती २ कोटी महिलांना वर्षभर पुरते. तेवढ्याच महिलांना २,१०० द्यायचे तर ५०,४०० कोटी लागतील. वरचे १४,४०० कोटी आणायचे कुठून?

कोणाचे म्हणणे काय?
विरोधकांच्या मते ही मतदारांची फसवणूक आहे. सरकारचे तेव्हा म्हणणे होते, राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे आणि योजना बंद होणार नाही.

वारसा कुणाचा?
नवे सरकार सहसा रिकाम्या तिजोरीचे खापर आधीच्यांवर फोडते. इथे ती सोय नाही. शिंदे सरकारचा शेवटचा अर्थसंकल्प अजित पवार यांनीच मांडला होता, हाही त्यांचाच. २८ मार्चला बारामतीत त्यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरायला सांगितले. माफीच्या आशेने थांबलेल्यांची अडचण दुहेरी होती: मुदत चुकली, की व्याज सवलतही जाते.