पत्र आमचं, कात्री कुणाची?

वर्तमानपत्रात एक कोपरा असतो. वर लिहिलेलं, ‘वाचकांची पत्रे’. खाली बारीक टाइपात, पत्रातल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. वाचून वाटतं, वा! बाकी पेपर त्यांचा, हा वीतभर तुकडा तरी आपला.

कसला आपला? त्या तुकड्याच्याही दारात माणूस बसलाय. कुठलं पत्र आत, कुठलं टोपलीत, तो ठरवणार. जागा थोडी, निवड करावी लागते, हे मला कळतं. मी मालवणच्या किनाऱ्यावर धक्क्यावर हमाली करतो. होडीत मावतो तेवढाच माल चढतो. पण जो चढला नाही त्याचा हिशोब मालकाला द्यावा लागतो. इथं हिशोब कुणी देत नाही.

छापलं नाही तर एक वेळ परवडलं. छाटून छापतात ते वाईट. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्यावर मी एका दैनिकाला पत्र धाडलं. पाटी बदलाल, तोंडं कशी बदलणार? धक्क्यावर आम्हाला अजून जुन्याच नावानं हाक पडते. कोण मारतं, केव्हा मारतं, सगळं लिहिलं. सहीपत्त्यासकट. छापून आल्या चार ओळी. वाडीच्या पाटीचा रंग उडाला आहे, ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. मथळा, ‘फलक रंगवावा’. खाली माझं नाव! धक्क्यावरचे म्हणाले, “काय रे मेल्या, रंगाचा दुकान घातलंस काय?”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाटीची ओळ माझीच होती. माझ्याच शब्दांनी माझं तोंड बंद केलं साल्यांनी.

ही कात्री आजची नाही. पहिलं मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं. काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातले, पोंभुर्ल्याचे. दरवर्षी त्या दिवशी पत्रकार दिनाचे हार पडतात. त्यानंतर ८८ वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांना ‘मूकनायक’ काढावं लागलं. इतकी वर्तमानपत्रं असताना का लागलं? तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो : ‘केसरी’नं ‘मूकनायक’ची जाहिरातसुद्धा छापली नाही. फुकट नव्हे, पैसे मोजून! टिळक तेव्हा हयात होते. पत्र फुकटचं असतं, टाकलं तर टाकलं. इथं रोकडा नाकारला.

आणि आज? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीनं २०१९ साली हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या वरच्या १२१ खुर्च्या मोजल्या. १०६ वर सवर्ण. दलित-आदिवासी एकही नाही. मग आमच्या पत्रातली कुठली ओळ ‘महत्त्वाची’, हे ठरवणार कोण?

माझी मागणी साधी आहे. सगळी पत्रं छापू नका. आठवड्याला एकदा एवढंच सांगा : किती आली, कशाकशावर आली, किती लावली. छाटलं असेल तर खाली ‘संक्षिप्त’ लिहा. आणि छाटण्याआधी एक फोन करा, नंबर आम्ही दिलेला असतो.

हे आपल्यालाही लागू, दोस्तांनो. आपल्या अंकातसुद्धा कौतुकाचीच पत्रं जास्त दिसायला लागलीत. माझ्या कवितेला कुणी भिकार म्हटलं असेल तर तेही लावा, आख्खं.

आणि पेपरला पत्र धाडाल तेव्हा नक्कल ठेवा. छाटून आलं तर दोन्ही इकडे पाठवा. शेजारी-शेजारी छापू.