पॅकार्डची पत

पत म्हणजे काय, हे व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीची कथा मात्र त्यांनी अवश्य ऐकावी.

१८९८ मध्ये जेम्स पॅकार्ड यांनी विंटन कंपनीची मोटार घेतली. ती वारंवार बिघडे. तक्रार करताच, जमत असेल तर स्वतःच चांगली बनवा, अशा अर्थाचे उत्तर मालकाने दिले, असे सांगतात. (गिऱ्हाइकाला असे सुनावणारा दुकानदार धन्यच!) पुढच्याच वर्षी ओहायोतील वॉरेन येथे पहिली पॅकार्ड धावली. पुढे डेट्रॉइटहून बारा सिलिंडरांच्या, चालक आणि मालक यांच्यामध्ये काच असलेल्या ऐटदार लिमोझिन निघू लागल्या. ‘ज्याच्याकडे आहे, त्यालाच विचारा’ एवढी जाहिरात पुरे होई.

मंदीत धनिक गिऱ्हाईक आटले. १९३५ मध्ये कंपनीने हजार डॉलरांच्या आतली ‘वन ट्वेंटी’ आणली. पेढी तरली, पण लिमोझिनचे नाव स्वस्त गाडीवरही झळकू लागले. कॅडिलॅकने १९२७ मध्येच आपल्या स्वस्त गाडीस ‘लासाल’ हे निराळे नाव दिले होते. पॅकार्डनेही तसेच करावयास हवे होते, असे माझे मत. युद्धानंतर मानाचे स्थान कॅडिलॅककडे गेले. १९५४ मध्ये पॅकार्ड आणि स्टुडबेकर एकत्र आल्या आणि १९५८ नंतर पॅकार्ड नावाची गाडी बाजारात आली नाही.